पान्हा-पकड : मान टाकणारा हेडलाइट

पावसाळा सरला की नाशिकची पोरं गाड्यांची कापाकापी काढतात, आणि मग या सदराची टपाल-पिशवी एकाच विषयाने फुगते. या वेळी हेडलाइट. एका पत्राला सविस्तर उत्तर देतोय, कारण त्यात बाकी निम्म्या पत्रांची उत्तरं येऊन जातात.

प्रश्न : काका, माझी स्प्लेंडर २०११ ची आहे, तिची कॅफे रेसर, म्हणजे जुन्या रेसिंग धाटणीची गाडी, करतोय. मूळ वायझर आणि हेडलाइट काढून ऑनलाइन मागवलेला गोल, धातूच्या डब्याचा हेडलाइट दोन क्लॅम्पनी शॉकअपच्या पाइपांवर बसवला. रोज अंबडला कामाला जातो, रविवारी त्र्यंबकहून पहिनेमार्गे घोटीकडे चक्कर असते. परत येईपर्यंत दिवा खाली झुकलेला असतो आणि उजेड मडगार्डवर पडतो. आवळून आवळून एका क्लॅम्पचे आटे गेले. मित्र म्हणतो, सरळ वेल्डिंग मारून टाक. मारू का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : नको मारूस. वेल्डिंगकडे नंतर येतो. आधी दिवा मान का टाकतो ते बघ.

तुझा दिवा दोन बाजूंच्या दोन बोल्टांवर लटकतोय. हे दोन्ही बोल्ट एका सरळ रेषेत आहेत, म्हणजे दिव्यासाठी ती रेष बिजागरीच झाली. काच, रिम, रिफ्लेक्टर हे सगळं वजन पुढे, आणि मागे नुसता पोकळ डबा. नाक जड. चाक खड्ड्यात आपटलं की हे नाक खाली झटका मारतं, आणि त्याला अडवायला वॉशर आणि पत्रा यांच्यातलं घर्षण तेवढं असतं. बोल्ट आणखी आवळलास तर घर्षण थोडं वाढेल, पण बिजागरी ती बिजागरीच. तुझे आटे गेले ते या आवळाआवळीत.

दोन बोल्ट दिवा पेलतात. त्याला फिरू न देणं हे तिसऱ्या बिंदूचं काम. रस्त्यावर उभ्या असलेल्या गोल हेडलाइटच्या जुन्या गाड्या वाकून बघ. बऱ्याच गाड्यांच्या डब्याखाली एक छोटी पट्टी किंवा बोल्ट सापडेल. ऑनलाइन मिळणाऱ्या दिव्यांच्या खोक्यात ती पट्टी नसते, कारण ती प्रत्येक गाडीला वेगळी लागते. ती तुलाच करायची आहे.

एक सूत, म्हणजे साधारण ३ मिमी जाडीची आणि २० मिमी रुंद माइल्ड स्टीलची पट्टी घे. तिचं एक टोक डब्याच्या तळाला, दुसरं खालच्या टीला. टी म्हणजे शॉकअपचे दोन पाइप एकत्र धरणारा आडवा तुकडा; असे दोन असतात, एक वर आणि एक खाली. टीला नवीन भोक पाडायचं नाही. तिथे आधीपासून असलेला बोल्ट किंवा आट्यांचं भोक शोध आणि त्यालाच पकड. पट्टी चुकूनही फ्रेमला बांधू नकोस. हँडल वळलं की दिवा वळणार आणि फ्रेम तिथेच राहणार. मग पट्टी तरी वाकेल नाहीतर हँडल तरी अडेल, आणि ते अडायला वळणाचीच जागा सापडेल. डब्याकडच्या टोकाला गोल भोकाऐवजी १० मिमीचा लांबट स्लॉट ठेव, म्हणजे उजेड वरखाली करता येईल. शेजारी शेजारी दोन भोकं पाडून मधला पूल कानशीने उडवला की स्लॉट तयार. डबा पातळ पत्र्याचा असतो, म्हणून आतून रुपयाएवढा तरी वॉशर टाक, नाहीतर बोल्ट पत्रा फाडून बाहेर येईल.

पट्टी वाकवताना व्हाइसमध्ये धरून हातोडीने धारदार काटकोन करू नकोस. वाकाच्या आत किमान पट्टीच्या जाडीइतका गोलवा राहू दे. भोक पाडल्यावर मोठं ड्रिल हातात धरून कडेवर दोन वेढे फिरव आणि बर, म्हणजे कडेला उभी राहिलेली धार, काढून टाक. माझ्या गाळ्यावर तुटलेल्या पट्ट्या येतात त्यांचा तडा जवळजवळ नेहमी या दोन जागांपैकी एकीतून निघालेला असतो.

आता क्लॅम्प. पाइपाचा व्यास मोजलास का? पत्रात नाही, म्हणजे नसावा मोजला. अंबडला कामाला आहेस, शॉपफ्लोअरवर कुणाच्या तरी खिशात व्हर्नियर असेलच. क्लॅम्प मोठा आणि पाइप लहान निघाला की लोक सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळतात. एक पदर चालतो, पाइपाला ओरखडेही पडत नाहीत. तीन पदर झाले की क्लॅम्प रबरावर पोहायला लागतो. खूण सांगतो : पुरता आवळल्यावर क्लॅम्पच्या दोन अर्ध्यांमध्ये दीड-दोन मिमी फट दिसली पाहिजे. फट मिटली असेल तर बोल्टचा सगळा जोर त्या दोन कडा एकमेकांवर दाबण्यात जातोय, पाइपाला पकड नाहीच.

क्लॅम्प वरच्या आणि खालच्या टीच्या मधल्या भागातच लागतो. खालच्या टीखाली चकचकीत पाइप दिसतो म्हणून तिथे दिवा लटकवणारे महाभाग आहेत. शॉकअप दबला की खालची नळी त्याच पाइपावरून वर चढते. क्लॅम्पवर आदळली की ऑइल सील गेलं, आणि तो धक्का हँडलपर्यंत येतो.

आट्यांचं म्हणशील, तर तो क्लॅम्प वाचेल. ॲल्युमिनियममध्ये ६ मिमीच्या बोल्टाला व्यासाच्या दीडपट, म्हणजे ९ मिमी तरी आटे पकडायला हवेत. या स्वस्त क्लॅम्पांत पाच-सहा मिमी मिळतात. ६.५ चं ड्रिल आरपार काढ, ८.८ ग्रेडचा ६ मिमीचा बोल्ट घाल आणि पलीकडून नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट, लाव. टॉर्क पान्हा मिळाला तर साधारण ८ न्यूटन मीटर. नाही मिळाला तर एलन की आखूड बाजूने बोल्टात घालून लांब दांड्याला पाइप जोडायचा नाही, एवढं पाळ.

रबराबद्दल तू विचारलं नाहीस, पण मी सांगणार आहे, कारण हे काम नव्वद टक्के लोकांचं इथेच फसतं असं माझं मत आहे. रबर बुश, म्हणजे बोल्टाभोवती बसणारी रबरी नळी, हवीच. एक सिलिंडरच्या इंजिनाची बारीक थरथर दिव्याला लागू द्यायची नसते. बल्बची तार त्यानेच तुटते आणि एलईडीचे सोल्डरचे टाके त्यानेच सुटतात. पण नुसती रबर बुश घालून बोल्ट आवळला की काय होतं? परवा एक मुलगा दिवा घेऊन आला होता. त्याची बुश काढली तर पापडासारखी चपटी, वॉशरच्या कडेने गोल कापली गेलेली, बोटाला काळी भुकटी. रबर दबत जातं, बोल्ट सैल होतो, तो पुन्हा आवळतो, रबर पुन्हा दबतं. याला अंत नाही.

उपाय म्हणजे बुशच्या आत स्टीलची स्लीव्ह, छोटी नळीच. ८ मिमीच्या बोल्टासाठी आतून ८.२, बाहेरून ११ मिमी, आणि लांबी रबराच्या मोकळ्या लांबीपेक्षा अर्धा मिमी कमी. बोल्ट आवळला की रबर अर्धा मिमी दबतं आणि वॉशर स्लीव्हवर टेकतो. तिथून पुढचा सगळा जोर स्टीलवर. बोल्ट दणकून आवळता येतो आणि रबरही जिवंत राहतं. सातपूर-अंबडच्या कुठल्याही लेथवाल्याला सांग, चहा होईपर्यंत दोन नग टर्न करून देतो. तळाच्या पट्टीलाही असाच एक नग लाव.

आता वेल्डिंग. शॉकअपचा पाइप हार्ड क्रोमचा असतो, त्याच्या आसपास आर्क पेटवायचा नाही. टी गाडीचा सगळा पुढचा भार वाहते, तिथे उष्णतेने धातूचा पोत बदलला तर तो डोळ्यांना दिसत नाही. आणि पातळ पट्टीवर मारलेला टाका स्वतः तुटत नाही, त्याच्या शेजारची पट्टी तुटते. शिवाय उद्या काच फुटली तर दिवा काढणार कसा? ग्राइंडरने? ज्या पट्टीवर वेल्डिंग करायचंच आहे ती गाडीवरून काढून व्हाइसवर धर. गाडीवर लागलेली असताना नाही.

सगळं बसवून झाल्यावर गाडी मेन स्टँडवर घे आणि हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरव. वायर ताणतेय का, क्लचची केबल दिव्याच्या मागे अडकतेय का, डबा टाकीला लागतोय का, बघ. मग इंजिन चालू करून आयडलिंगला ठेव आणि पुन्हा तसंच हँडल फिरव. आवाज चढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. तशी गाडी फाटकाबाहेर काढायची नाही.

एक तपासणी जवळपास सगळे विसरतात. मडगार्ड खालच्या नळीला असतो, दिवा टीला. शॉकअप दबला की मडगार्ड वर येतो, दिवा जागचा हलत नाही. चकचकीत पाइपावर सीलला टेकवून एक केबल टाय हलका बांध आणि एखाद्या दणदणीत स्पीडब्रेकरवरून जाऊन ये. टाय जितका वर सरकला तितका मडगार्ड वर आला होता. दिवा आणि मडगार्ड यांच्यात त्याहून भरपूर जास्त अंतर हवं. कॅफे रेसरवाले दिवा खाली खाली बसवतात, त्यांनी तर हे बघायलाच हवं. केबल टायचा माझ्या मते हेडलाइटच्या कामात एवढाच उपयोग. दिवा धरायला तो वापरलेला दिसला तर मी गाडी हातात घेत नाही.

शेवटी प्रत्येक नटावरून पट्टीपर्यंत नेलपेंटची एक रेघ ओढ. पहिनेच्या रस्त्याने एकदा जाऊन आलास की रेघा बघ. तुटलेली रेघ म्हणजे नट हललाय.

आणि वायरींचे कप्लर. मूळ गाडीत ते हेडलाइटच्या मागे लपलेले होते. तुझ्या नव्या डब्यात ते मावले नसणार, म्हणून टाकीखाली चिकटपट्टीत गुंडाळून कोंबले असशील. घोटी-इगतपुरीच्या पावसात ती पट्टी किती टिकते ते तुला कळेलच. रबरी बूट असलेले, पाण्यात चालणारे कप्लर घे आणि तोंड खाली करून बांध.

प्रश्न : बोल्टांना निळं लॉकटाइट लावू की लाल?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : लॉकटाइट म्हणजे बोल्टाचे आटे धरून ठेवणारा डिंक. लावायचं ते निळं, २४३ नंबरचं. हाताच्या पान्ह्याने पुन्हा उघडतं. लाल उघडायला बोल्ट तापवावा लागतो, आणि शेजारी वायरी व रबर असताना ते नको. आटे पेट्रोलने पुसून कोरडे कर, एक थेंब पुरे. नायलॉक नटाला लावायची गरज नाही. प्लॅस्टिकच्या डब्याला, वायझरला किंवा पॉलिकार्बोनेटच्या काचेला ते लागू देऊ नकोस; काही प्लॅस्टिकांना त्याने बारीक तडे जातात, आणि ते लगेच दिसत नाहीत.

प्रश्न : नमस्कार. गिरणाऱ्याजवळ शेती आहे. पहाटे बुलेटवर भाजीचे दोन क्रेट मागे बांधून पंचवटीच्या मार्केट यार्डात येतो. मुलाने सात इंची हेडलाइटचा बाहेरून आणलेला सेट बसवला, आत एलईडी बल्ब. उजेड लख्ख आहे, पण डिपरवर असूनही समोरचे लोक अप्पर मारतात, शिव्याही देतात. दिवा खाली वाकवला तर रस्ता दिसत नाही.
— एक शेतकरी वाचक

उत्तर : नमस्कार. शिव्या देणाऱ्यांचं चुकत नाही असं दिसतंय, पण तुमचंही फार चुकलेलं नाही. तीन गोष्टी एकत्र आल्या असाव्यात.

पहिली काच. सात इंची दिव्याचा डिपर दोन्ही बाजूंना सारखा नसतो; रस्त्याच्या कडेकडचा उजेड मुद्दाम थोडा वर चढवलेला असतो, म्हणजे कडेने चालणारा माणूस दिसावा. आपण डावीकडून चालतो, म्हणून चढ डावीकडे हवा. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशासाठी बनवलेली काच असेल तर तो चढ उजवीकडे येतो, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. दिव्यासमोर उभं राहून काचेवर ई अक्षराच्या खुणेजवळ बाण शोधा. बाण तुमच्या उजव्या हाताकडे असेल तर काच आपल्या वाहतुकीची. दोन्हीकडे टोकं असलेला बाण असेल तर दोन्हीकडे चालते. ई ची खूण आहे आणि बाणच नाही, तर ती काच उजवीकडच्या वाहतुकीची, बदला. मुलाला सांगा, कितीही देखणी असली तरी बदल.

दुसरी गोष्ट तो एलईडी बल्ब. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरची सगळी मांडणी बल्बच्या तारेच्या जागेवर ठरलेली असते. एलईडीचे ठिपके त्या जागेपासून जरा जरी सरकले की उजेडाची वरची कडा विस्कटते. ६०/५५ वॉटचा साधा हॅलोजन लावून भिंतीवर बघा. कडा नीट दिसली तर दोष बल्बचा.

तिसरी गोष्ट क्रेट. मागे वजन पडलं की मागचे शॉकअप बसतात आणि गाडीचं नाक वर होतं. घरी रिकाम्या गाडीवर लावलेला दिवा भरलेल्या गाडीवर झाडांच्या शेंड्यांकडे बघतो. म्हणून दिवा लावायचा तो क्रेट बांधून आणि स्वतः सीटवर बसून. सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटर अंतरावर गाडी सरळ उभी करा. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ मारा. डिपरच्या उजेडाची वरची कडा या रेघेच्या ५ सेंमी खाली आली पाहिजे. पाच मीटरला पाच सेंटिमीटर म्हणजे शंभराला एक. दिवा जमिनीपासून ८५ सेंमी उंच असेल तर ही कडा सुमारे ८५ मीटरवर रस्त्याला टेकते. पहाटेच्या त्या रस्त्याला तेवढं पुष्कळ झालं. परतताना गाडी रिकामी असते, तेव्हा उजेड थोडा जवळ पडेल, पण तोवर उजाडलेलं असतं.

प्रश्न : जुन्या स्प्लेंडरला एलईडी हेडलाइट लावला, पण आयडलिंगला लुकलुकतो. दोन दिवे जळले. दुकानदार म्हणतो वायरिंग ढिलं आहे.
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि हेडलाइटचा स्विच दाबा. दिवा लागलाच नाही तर तुमचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनावर वीज बनवणाऱ्या भागाच्या, एसी करंटवर चालतो. हॅलोजनला त्याचं सोयरसुतक नसतं, एलईडी मात्र लुकलुकतो आणि मरतो. त्याला डीसीवर आणायला फुल वेव्हचा रेग्युलेटर-रेक्टिफायर टाकून कॉइलचं अर्थिंग सोडवावं लागतं. हे ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम आहे, घरी करू नका. डीसी झाल्यावर बॅटरीपासून दिव्याकडे जाणाऱ्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा. ही चाचणी एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांवर करू नका. त्यांचा हेडलाइट इंजिन चालू झाल्यावर आपोआप लागतो, त्यामुळे उत्तर चुकीचं मिळेल.

प्रश्न : हेडलाइट बदलला तर पेठ रोडच्या आरटीओत पासिंगला त्रास होईल का?
— एक वाचक, म्हसरूळ

उत्तर : होऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मापाचा, खूण असलेला, पांढऱ्या उजेडाचा आणि नीट लावलेला दिवा वेगळा आणि निळ्या-लाल पट्ट्या लुकलुकवणारा वेगळा, हे मला कळतं. तपासणाऱ्यालाही कळेल, याची हमी मी देणार नाही. मूळ हेडलाइट, त्याचे बोल्ट आणि कप्लर एका खोक्यात घालून माळ्यावर ठेव. पासिंगच्या आदल्या दिवशी परत बसव. भंगारवाल्याला देऊन मग मला पत्र पाठवणारे दरवर्षी असतात.

पुढच्या अंकासाठी फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती : समोरून काढलेला, दिवा पेटवलेला फोटो देखणा असतो, पण त्यात मला काही दिसत नाही. दिवा बंद ठेवून बाजूने काढा, बोल्ट आणि क्लॅम्पची फट दिसू द्या, आणि शेजारी मोजपट्टी धरा.